पिशवीभर गोळ्या आणि न येणारा गुण

प्रश्न सेलू तालुक्यातल्या एका शेतकरी मुलाचा आहे. आई ५८ वर्षांची. शुगर आणि बीपी आधीपासून. गुडघे-कंबर दुखते, पित्त उसळतं, रात्री तळपायांची आग होते, सकाळी उठताना गरगरतं. दोन वर्षांत पाच दवाखाने झाले: गावातला, सेलूचा, परभणीचे दोन आणि शेवटी संभाजीनगर. प्रत्येकाने नव्या तपासण्या सांगितल्या, नव्या गोळ्या दिल्या. शेवटच्यांनी रिपोर्ट चाळून "सगळं नॉर्मल आहे, वयामुळं होतं" म्हणून वाटेला लावलं. आई म्हणते, "मला कुणी नीट पुसतच न्हाई." मुलगा विचारतो, आता कुठं न्यावं?

मी ३१ वर्षं तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतोय. माझं उत्तर असं की सध्या कुठंच नेऊ नका. आधी घरातली गोळ्यांची पिशवी पलंगावर पालथी करा.

तुमची पिशवी मी बघितलेली नाही, पण अशा इतक्या बघितल्यात की आत काय असेल ते बरंचसं सांगता येईल. दुखण्याची गोळी एक नाही, दोन असतील. एकीवर ठळक अक्षरात एक नाव, दुसरीवर भलतंच. पण खालची बारीक अक्षरं वाचलीत तर एकीत डायक्लोफेनॅक आणि दुसरीत ॲसिक्लोफेनॅक. म्हणजे सख्ख्या बहिणीच. सेलूच्या डॉक्टरांनी दिलेली बंद करायची हे परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं नाही, कारण ती चालू आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. दोन्ही चालू राहिल्या. या गोळ्या पोटाचं अस्तर खातात, म्हणून पित्त. पित्तासाठी पँटोप्राझोल, तेही दोन नावांनी. याच दुखण्याच्या गोळ्या बीपी वाढवतात, मग बीपीची गोळी डबल होते. शुगरसाठी मेटफॉर्मिन असणारच. ते आणि पित्ताची गोळी, दोन्ही वर्षानुवर्षं घेतली की अंगातलं बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. बी-१२ कमी झालं की तळपायांची आग आणि मुंग्या. त्या आगीसाठी कुणीतरी प्रीगॅबालिन दिलेलं असतं. त्यानं गुंगी येते, तोल जातो. मग चक्करची गोळी.

आता ही साखळी उलटी वाचा. पाचव्या डॉक्टरने चौथ्याच्या गोळीवर इलाज केला, चौथ्याने तिसऱ्याच्या. मूळ दुखणं होतं गुडघ्यांचं. प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी फारसा चुकला नसेलही, पण आईच्या दुखण्याची सुरुवातीपासूनची हकीकत एकाच्याही हातात नव्हती. डॉक्टर बदलला की ही हकीकत मागेच राहते. नव्या डॉक्टरकडे पोचते ती फक्त आजची तक्रार.

हे मी वरच्या पाटावर बसून सांगत नाही. भाजी विकणाऱ्या एक मावशी माझ्याकडं सहा वर्षं शुगरच्या गोळ्या नेत होत्या. "साहेब, पाय निस्ते आग-आग करायलेत, रातभर डोळा लागना." मी आठ महिने "शुगरमुळं होतं, पथ्य करा" एवढंच ऐकवत राहिलो. पथ्याचा इतका धाक घातला की बाई भाकरीसुद्धा अर्धीच खायला लागली. शेवटी त्या दुसऱ्या गावी लेकीकडं गेल्या असताना तिथल्या नव्या पोरगेल्या डॉक्टरने बी-१२ तपासलं, ते खूपच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली आणि तीन महिन्यांत आग निम्म्यावर आली. त्या परत आल्या तेव्हा माझ्यावर चिडल्या नव्हत्या, उलट मलाच समजावत होत्या की "तुमच्या तरी ध्यानात काय काय राहील!" त्या बोलण्यानं जास्त लागलं. तेव्हापासून मेटफॉर्मिन चार वर्षांच्या वर झालेल्या आणि मांस-अंडी न खाणाऱ्या प्रत्येकाचं बी-१२ मी बघतो.

तेव्हा "रिपोर्ट नॉर्मल" याचा अर्थ एवढाच की जे तपासलं ते नॉर्मल आहे. जे तपासलंच नाही त्याबद्दल कागद काही सांगत नाही. आणि "वयामुळं होतं" हे वाक्य आम्ही डॉक्टर दमल्यावर वापरतो. एक गुडघा वयामुळं दुखतो म्हणावं, तर दुसराही तेवढ्याच वयाचा असतो ना.

सकाळच्या गरगरण्याचं एक वेगळं सांगतो. आई उपवास किती करतात? एकादशी, चतुर्थी, सोमवार? शुगरच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड असेल आणि उपवासाच्या दिवशीही ती नेमानं घेतली जात असेल, तर शुगर ७० च्या खाली जाऊन पहाटे घाम फुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढं अंधारी येते. आमच्याकडं बायका उपवास सोडत नाहीत आणि गोळीही चुकवत नाहीत. दोन्हींकडं श्रद्धा सारखीच. उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. दुसरं, बीपी एकदा बसवून आणि एकदा उभं करून मोजायला सांगा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर चक्करच्या गोळीची गरज नाही, बीपीच्या गोळ्या फेरजुळवाव्या लागतील. परभणीकडं उन्हाळ्यात पारा ४२-४३ च्या पुढं जातो. त्या दिवसांत लघवी वाढवणारी बीपीची गोळी आणि रानातलं काम एकत्र आलं की माणूस उभ्याउभ्या बसतो.

आता सलाईन. तुम्ही लिहिलंय की दर महिन्याला एक लावली की आईला "आठ दिवस बरं वाटतं". मराठवाड्यात दवाखाना चालवायचा तर सलाईनशिवाय चालत नाही. "बिनसुईचं कसलं डाक्टर?" हे मी तोंडावर ऐकलंय. म्हणून एकदा हिशेब मांडतो. ५०० मिलीच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. गोड सलाईनमध्ये २५ ग्रॅम साखर. तेवढी ताकद अर्ध्या भाकरीत मिळते. शिवाय शुगरच्या पेशंटला गोड सलाईन म्हणजे काय ते तुम्हीच बघा. पिवळी सलाईन "भारी" समजतात. तो पिवळा रंग आत टोचलेल्या बी-कॉम्प्लेक्सचा. दुसऱ्या दिवशी लघवी पिवळी झाली की माणूस खूश, अंगातली उष्णता निघाली म्हणून. खरं तर पैसे निघून गेलेले असतात.

मग बरं कशानं वाटतं? एक तर तास-दीड तास पंख्याखाली आडवं पडायला मिळतं, जे घरी कधी मिळत नाही. लेक उशाशी बसलेला असतो. आणि पुष्कळदा त्या बाटलीत किंवा सोबतच्या सुईत दुखण्याचं औषध असतं, कधी कधी डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉईड. स्टिरॉईडचा गुण झटकन येतो. भूक लागते, अंग हलकं होतं, चेहरा भरतो, लोक म्हणतात तोंडावर तेज आलं. "वाताच्या पुड्या" आणि बिननावाच्या "पॉवरच्या गोळ्या" यांतही तेच मिसळलेलं सापडतं. पुढं शुगर चढते, हाडं ठिसूळ होतात, अंगावर काळे-निळे डाग पडतात. एक मात्र ध्यानात ठेवा: अशा पुड्या कित्येक महिने चालू असतील तर एकदम बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टिरॉईड बनवायचं थांबवतं आणि अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. हळूहळू कमी करत न्यावं लागतं.

सलाईन खरी कुणाला लागते? ज्याच्या पोटात पाणी टिकत नाही, जो बेशुद्ध आहे, ज्याचं रक्त किंवा पाणी फार गेलंय, त्याला. जुलाबाच्या बहुतेक पेशंटांना तोंडाने भागतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडू द्यायचं नाही. ओआरएसची पुडी मिळाली तर अधिक चांगलं, पण तीही सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच कालवायची. निम्मी पुडी पेल्यात असा अंदाजपंचे कारभार नको.

हे सगळं ठाऊक असूनही डॉक्टर सलाईन का लावतात? मीही लावल्यात, म्हणून सांगतो. तपासून, बोलून, "काही लागत नाही, चार दिवसांत बरं वाटेल" म्हटलं की फी देताना पेशंटचा हात आखडतो. सुई टोचली की निमूट देतो. आमच्याकडं सल्ल्याला किंमत नाही, टोचण्याला आहे. शिवाय पेशंटला गुण संध्याकाळपर्यंत हवा असतो. नाही आला तर उद्या तो समोरच्या दवाखान्यात दिसतो, आणि माझा "हातगुण" गेल्याची बातमी बाजारभर होते. संध्याकाळपर्यंतचा गुण विकणारे डॉक्टर आहेत, कारण घेणारे आहेत. यात निम्मा दोष आमचा. निम्म्याहून थोडा जास्तच म्हणा, कारण आम्ही शिकलेलो आहोत.

साध्या दुखण्यांना त्यांचा त्यांचा वेळ लागतो. सर्दी सात ते दहा दिवस घेते, अँटिबायोटिक खा नाहीतर नका खाऊ. मागं राहिलेला खोकला तीन आठवडेसुद्धा रेंगाळतो. तरीही दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. बहुतेकांत काही निघत नाही, पण क्षयरोग निघाला तर तपासणी, औषधं मोफत आहेत आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. कापूस वेचून किंवा सोयाबीन काढून धरलेली कंबर चार ते सहा आठवड्यांत बहुधा सुटते. त्याआधी घाईनं एमआरआय काढला तर त्यात "गादी सरकली" असं लिहून येतं आणि माणूस कायमचा घाबरतो. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या एमआरआयमध्येही असल्या गाद्या दिसतात. पायातली शक्ती गेली, लघवी-संडासचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी निघा.

उलट नागिणीच्या बाबतीत लोक नको तितका धीर धरतात. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात फोड आले की आधी मंत्र, मग गेरूचा लेप, आठव्या दिवशी दवाखाना. विषाणूवरचं औषध फोड आल्यापासून ७२ तासांत सुरू झालं तर खरा फायदा. उशीर झाला तर म्हाताऱ्या माणसाची तिथली आग पुढं कित्येक महिने राहू शकते. मंत्र म्हणायचा तर म्हणा, पण गोळी खिशात ठेवून.

आईच्या बाबतीत कशाला थांबायचं नाही? दुखण्याच्या गोळ्या इतक्या झाल्यात, म्हणून संडास डांबरासारखी काळी होते का ते विचारा. लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण त्या चालू नसतील तर पोटात रक्तस्राव असू शकतो. दुसरं पित्ताचं. शुगर असलेल्या बाईचा हार्ट अटॅक छातीत कळ न येताही येतो: नुसती मळमळ, दरदरून घाम, जबडा किंवा पाठ भरून येणं, धाप. घरचे सोडा पाजतात, ओवा देतात, आणि मोलाचे दोन तास जातात. नेहमीपेक्षा वेगळं "पित्त" घामासकट आलं की ईसीजी आधी, सोडा नंतर. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडी वळली तर १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असेल तिथंच न्या. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यातले दोन तास "वारं गेलं" म्हणून तेल चोळण्यात घालवू नका.

"डॉक्टर बोलू देत नाहीत" ही तक्रार खरी आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी नऊ ते दोन माझ्याकडं ९० पेशंट असतात. भागाकार करा, एकाला साडेतीन मिनिटंसुद्धा येत नाहीत. बरीचशी भांडणं त्या भागाकारातून होतात. म्हणून जुन्या दुखण्याचा पेशंट बाजाराच्या दिवशी नेऊच नये. आडदिवशी दुपारी न्या, तेव्हा मीसुद्धा बरा माणूस असतो. आणि सगळ्यात जास्त छळणारं दुखणं पहिल्या वाक्यात सांगा. आमच्या आया-मावश्या आधी सुनेचं, मग पावसाचं, मग गुडघ्याचं सांगतात, आणि उठून दारापर्यंत गेल्यावर "छातीत जरा कससंच होतंय" म्हणतात. आईला काय बोलायचं ते घरी एकदा म्हणून घ्या: कधीपासून, कशानं वाढतं, कशानं थांबतं. मिश्री, तंबाखू, झाडपाल्याचं औषध, कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेली पुडी, काही लपवू नका. मिश्रीचं तर मी विचारल्याशिवाय एकही बाई सांगत नाही, आणि निम्म्यांचं पित्त तिथूनच असतं. उठण्याआधी तुम्ही विचारा: हे काय असावं, यातली कुठली गोळी किती दिवसांची, आधीच्यांपैकी कुठली बंद करायची, आणि काय झालं तर लगेच यायचं. यावर चिडणारा डॉक्टर असेल तर तो बदलायला माझी हरकत नाही.

ऑपरेशन सांगितलं तर मात्र दुसऱ्याचं मत जरूर घ्या, आणि पहिल्या डॉक्टरशी ज्याचा काही संबंध नाही अशाचं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रकार उघड झाला तो विसरू नका. अंगावरून पांढरं जाणं, पोट दुखणं, असल्या गोळ्यांनी बऱ्या होणाऱ्या तक्रारींसाठी तरण्या बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या होत्या. "कॅन्सर होईल" एवढी भीती घातली की कोण नाही म्हणेल?

कागद मागायला लाजू नका. भरती झालेल्या पेशंटच्या नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत तसं लिहिलंय. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंतचं कवच आहे, पण ते भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांना, बाहेरच्या तपासणीला नाही. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या तिथून किंवा जन औषधीतून घ्या. औषध तेच, पाकीट साधं.

पाण्याचंही बघा. नांदेड, बीडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वरचं पाणी वर्षानुवर्षं पिण्यात आलं तर कंबर-सांधे आखडतात. गावात बऱ्याच पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतील तर ग्रामपंचायतीला पाणी तपासून घ्यायला लावा. तुमच्याकडं तसं असेलच असं नाही, पण सगळ्या आळीचे गुडघे एकदम दुखत असतील तर प्रत्येकाचा वेगळा एक्स-रे काढत बसण्यात अर्थ नाही.

तर आईचं असं करा. एका कागदावर सगळ्या गोळ्यांची बारीक अक्षरातली नावं लिहा, पुढं कुणी दिली आणि कधीपासून. तो कागद आणि पिशवी घेऊन पाचांपैकी ज्यांनी सगळ्यात जास्त ऐकून घेतलं त्यांच्याकडंच परत जा, सहाव्याकडं नको. गावातलेच असतील तर उत्तम. त्यांना म्हणा, यातल्या कमी कुठल्या करता येतील ते बघा. बी-१२, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), तीन महिन्यांची शुगर आणि थायरॉईड, एवढं रक्त आधी झालं नसेल तर करून घ्या. दुखण्याच्या दोन गोळ्यांपैकी एक आजच बंद ठेवा. दुसरीचं आणि गरजेपुरत्या पॅरासिटामॉलचं काय करायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या. बीपी-शुगरच्या गोळ्यांना मात्र आपल्या मनानं हात लावू नका. रोज रात्री आईचे तळवे उजेडात बघा, भेगेत खडा किंवा काटा रुतलेला असतो आणि बधिर पायाला तो कळत नाही. घरातसुद्धा चप्पल वापरायला लावा. त्यावरून भांडण होईल, देवघरापुरती सूट द्या.

बी-१२ कमी निघालं तर आग कमी व्हायला सहा आठवडे ते तीन महिने लागतील. पहिल्या पंधरा दिवसांत आई म्हणतील, "काहीच गुण न्हाई, दुसरीकडं चल." शेजारची एखादी बाई जालन्याच्या कुठल्या तरी डॉक्टरांचं नाव सुचवेल. तेवढे तीन महिने गाडी काढू नका.